अप्पांच्या पेनांचा प्रसाद

मन्मथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीला मुलाकडे होतो. फोन लातूरहून, वहिनींचा. "भावजी, हे गेले. सकाळची पूजा झाली, चहा टाक म्हणाले, आन्..." त्याला आता दीड महिना झाला. दुःख आहेच, पण नंतर जे पाहिलं त्याची किळस दुःखाहून मोठी होऊन बसलीय. म्हणून हे लिहितोय.

निलंग्याच्या कॉलेजात आम्ही बरोबर शिकवायचो, ते फिजिक्स, मी गणित. पुढं ते लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये गेले. कपाळावर भस्म, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, हातात खडू. रोज सकाळी ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन शांत बसायचे. मी पक्का नास्तिक, एकदा डिवचलंच, "अप्पा, सकाळी हा दगड पुजता आणि दुपारी गुरुत्वाकर्षण शिकवता, जमतं कसं?" ते हसले. "त्याला मी काही मागत न्हाई. ज्या दिवशी मागीन, त्या दिवसापासून फळ्यावरचं माझं खरं मानू नका." मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही, पण माणूस शब्दाला पक्का. आमच्या विवेकवादी मंडळींनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं आणि वर निरोप धाडला, भस्म पुसून या. अप्पा गेले नाहीत. काय ही आमची विज्ञाननिष्ठा... कपाळ तेवढं दिसलं, डोकं दिसलं नाही.

क्लासची तऱ्हा तर त्याहून वाईट. मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा जवळ आली की मालक पोरांची पेनं टोपलीत गोळा करायचा, त्यांना हळदकुंकू, आरती, वर जाहिरातीला फोटो. पूजा अप्पांच्या हातून व्हावी असा त्याचा हट्ट, कारण अप्पा धार्मिक. अप्पांनी साफ सांगितलं, "वर्षभर पोरांना कारण विचारायला शिकवलं. आता पेनाला हळद लावून ते सगळं पुसू का?" मालकानं त्यांच्याकडच्या हुशार पोरांच्या बॅचा काढून घेतल्या आणि नापास होऊन परत बसणाऱ्यांची एक बॅच ठेवली. अप्पांनी ती जीव लावून शिकवली.

आणि त्याच मालकानं शोकसभेत काय करावं? वहिनींकडून आठवण म्हणून मागून नेलेली अप्पांची पेनं त्यांच्याच फोटोपुढं मांडली आणि माईकवर जाहीर केलं, "सरांचा आशीर्वाद हाय. एकेक पेन प्रसाद म्हणून न्या." पालकांची रांग लागली. मी मालकाला गाठून म्हटलं, "अहो, याच गोष्टीला त्यांनी नकार दिला होता." "श्रद्धा हाय लोकांची, सर," म्हणून तो कॅमेऱ्याकडं वळला. शेजारी बसलेला माझा विवेकवादी मित्र गालातल्या गालात हसत म्हणाला, "भस्म लावलं की शेवट असाच." दोघांच्याही तोंडावर थुंकावंसं वाटलं.

तेवढ्यात वहिनी उठल्या आणि टेबलावरची पेनं पदरात भरायला लागल्या. रांगेत पुढं लोह्याहून आलेली एक बाई होती, तिची पोरगी अप्पांच्या त्या शेवटच्या बॅचमधली. वहिनी तिला म्हणाल्या, "बाई, नीटला पेन आत नेऊच देत न्हाईत. सेंटरवरच देतात."

"ठाऊक हाय की," बाई म्हणाली. "पोरगी आत जाती. मी गेटाबाहेर धरून बसते."

वहिनींनी पदरातलं एक पेन काढून तिच्या हातावर ठेवलं आणि बाकीची घेऊन बाहेर पडल्या. ऑटोत बसल्यावर मला राहवेना. जरा चिडूनच विचारलं, "अप्पांनी दिलं असतं का हो?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "यांनी पेन दिलं नसतं, भावजी. पेपर सुटेस्तोवर सोताच बसले असते तिच्यासंगं, गेटावर. दरसाल बसायचे. आता तिनं काय धरून बसावं?"