अमृत लोहोटे यांचा पसंतीक्रम

अमृत रखमाजी लोहोटे. जन्म २ जून १९७५. मुक्काम डिंगोरे, तालुका जुन्नर. शिक्षण बारावी विज्ञान, १९९३, एक्कावन्न टक्के. व्यवसाय शेती, त्यातही मुख्यतः टोमॅटो. एवढा तपशील कोणत्याही सरकारी अर्जाच्या पहिल्या पानावर मावतो, आणि २०२५ सालच्या जुलैपर्यंत अमृतचे आयुष्यही त्यात नीटपणे मावत होते. त्या महिन्यात मात्र तो बारा दिवस ‘सर’ झाला, आणि हे पद त्याच्या हातून कसे गेले, याची हकिकत सांगण्याजोगी आहे.

त्याची मुलगी स्नेहल हिला इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत ९२.४० पर्सेंटाइल मिळाले होते. आंबेगाव तालुक्याच्या बाजूला एक सरकारी कॉलेज होते, तेथे तिला कॉम्प्युटर शाखा हवी होती. कॉलेजजवळच अवसरी बुद्रुकला आत्याचे घर असल्यामुळे राहण्याचाही प्रश्न नव्हता. मुलगी शांत स्वभावाची. तिने गेल्या वर्षीची अधिकृत यादी वाचली, वहीत आठ पर्याय क्रमाने लिहिले, पहिल्या क्रमांकावर कॉम्प्युटर घातले आणि ती आईला पापड वाळत घालायला मदत करू लागली. तिने चिंतेकडे अशी पाठ फिरवल्यामुळे घरातली सगळी चिंता एकट्या अमृतच्या वाट्याला आली.

ती वाहण्यासाठी त्याला सोबती मिळाले ते मोबाईलवर. प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांचा एक मोठा ग्रुप होता. अकरा हजार सभासद. ‘कटऑफ किंग’, ‘फ्युचर इंजिनिअर’, ‘आशावादी ०७’ अशा नावांची ही मंडळी दिवसभर एकमेकांचे गुण विचारीत आणि उत्तर ऐकून घाबरत. अमृतने ए. आर. लोहोटे या नावाने प्रवेश केला. आद्याक्षरे पाहून कोणीतरी त्याला शिक्षक समजले आणि “सर, तुमचं मत काय?” असे विचारले. पन्नास वर्षांत हा प्रश्न अमृतला प्रथमच विचारला गेला होता. त्याने गैरसमज दूर केला नाही.

त्यानंतर ठिबकची नळी साफ करताना, डेअरीच्या रांगेत, तोडणीच्या बायकांवर देखरेख करताना त्याचा अंगठा ग्रुपवरच फिरू लागला. एकदा पाणी सोडून तो बांधावर वाचत बसला आणि शेजाऱ्याचा कोथिंबिरीचा वाफा तुडुंब भरला.

“त्या मोबाईलला मोटारीच्या खोलीतच बांधून ठिवा,” त्याची बायको मंगल म्हणाली, “म्हंजे तुमी निदान तिथं तरी हजर ऱ्हाल.”

अमृतच्या भीतीला एक व्यावसायिक पाया होता, तो समजून घेतला पाहिजे. नारायणगावच्या बाजारात शेतकरी कॅरेट मांडून उभा राहतो आणि व्यापारी बोली लावतो. शेतकऱ्याने भाव ताणला, तर व्यापारी वाद घालत नाही. मुकाट्याने पुढच्या ढिगाकडे जातो. मग दुपार होते, ऊन चढते आणि सकाळचा लालबुंद माल मिळेल त्या भावात द्यावा लागतो. अमृतने हे अनेकदा भोगले होते. प्रवेशाच्या यादीलाही तो व्यापारीच समजत होता: वर मोठे नाव लिहिले की ती रागावून पुढे जाणार आणि मुलगी उन्हात राहणार.

“पोरी, पयलंच नाव येवढं मोठं टाकलंस,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक भाव आयकूनच पुढं गेलं तर?”

“पप्पा, तिथं गिऱ्हाईक नाही. वरचं नाही मिळालं तर ते आपोआप खालचं बघतात. वर लिहिल्यानं खालचं जात नाही.”

“आसं कुटं आसतं व्हय?”

असे होते, नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. पण नियमपुस्तिका कोणाला सर म्हणत नाही.

अर्ज पक्का करण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी, तोडणी अर्ध्यावर असताना, एका दुसऱ्याच ग्रुपातून त्याला निरोप आला. ‘अत्यंत महत्त्वाचे. आतल्या गोटातून. यंदा तिथे कॉम्प्युटर ९३ ला चार आणे कमी, त्याखाली एकही जागा नाही. कमी गुण असणाऱ्यांनी पहिला पर्याय ताबडतोब बदलावा. – एक तज्ज्ञ सर.’

अमृत हातातली पाटी तशीच टाकून घरी आला. ओटीत त्याची आई कुशाबाई लसूण सोलत बसली होती, स्नेहल अर्ज उघडून बसली होती. त्याने फर्मावले, की सिव्हिल पहिल्या क्रमांकावर घ्यावे.

“सिव्हिल पहिलं लिहिलं तर तेच मिळेल,” स्नेहल म्हणाली. “आणि पहिला पर्याय मिळाला की घ्यावाच लागतो. पुढच्या फेरीत जाता येत नाही. मला सिव्हिल नकोय, पप्पा.”

“मिळंल ते तरी पदरात पडंल. ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो. सिव्हिल वर घे, मग मी आकडा सांगतो.”

मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती आणि घड्याळात दोन वाजून गेले होते. स्नेहलचे डोळे भरून आले, पण तिने वाद घातला नाही. फक्त तो निरोप पाहायला मागितला. तो तिने दोनदा वाचला.

“पप्पा, ९२.७५ म्हणायच्या ऐवजी ९३ ला चार आणे कमी कोण म्हणतं?”

“बाजारात समदेच म्हंत्यात,” कुशाबाई म्हणाली.

“बाजारात, आज्जी. ह्या ग्रुपात सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं आहेत. त्यांनी आणा पाहिलाय का?”

मग ती जुन्या ग्रुपात मागे मागे गेली आणि चार दिवसांपूर्वीच्या एका उत्तरापाशी थांबली. तेथे ‘आशावादी ०७’ने विचारले होते, की या कॉलेजात कॉम्प्युटर किती गुणांवर बंद होईल. आणि ए. आर. लोहोटे सरांनी लिहिले होते: ‘माझ्या अंदाजाने ९३ ला चार आणे कमी. त्याखाली अवघड.’

ठाऊक नाही, हे उत्तर देणे सरांना शोभले नसते. म्हणून अमृतने मुलीच्या गुणांपेक्षा थोडा वरचा, आपल्याच धास्तीचा आकडा लिहून टाकला होता. चार दिवसांत तो अनेक मोबाईल फिरून, अंगावर नवे कपडे चढवून, मूळ मालकाच्या दारात उभा राहिला होता.

“म्हंजे ह्याचाच माल ह्यालाच इकला,” कुशाबाईने लसणाची पाकळी सुपात टाकली.

“न्हाई, पण लोकांनी अंदाज मान्य केला, म्हंजे त्यात कायतरी आसंलच,” अमृत क्षीण आवाजात म्हणाला.

“कुणी मान्य केला?” मंगलने विचारले. “घाबरून पळत तर तुमीच आला.”

सव्वातीन वाजता अमृतने ओटीपी सांगितला. स्नेहलचा पसंतीक्रम तिच्याच क्रमाने पक्का झाला.

तोडणीकडे परत जाताना त्याने आपले ते उत्तर पुन्हा उघडले. त्याखाली आणखी एक ओळ होती, ती घरात कोणी वाचली नव्हती. ‘थँक यू सर. मला ९२.६० आहेत. कॉम्प्युटर काढून टाकलं. इलेक्ट्रॉनिक्स पहिलं केलं आणि फॉर्म पक्का केला.’

अमृत बांधावर बसला. त्याने ‘आशावादी ०७’चा नंबर मागून घेतला आणि फोन लावला. ती तळेघरची आरती निघाली. रेंजसाठी घरामागच्या टेकाडावर येऊन बोलत होती.

“मी सर न्हाई, ताई. मी डिंगोऱ्याचा टोमॅटोवाला हाये. त्यो आकडा माझ्या मनाचा व्हता. तू फारम बदल.”

“तो परवाच लॉक झालाय, सर,” ती म्हणाली. मग तिने फोन शेजारी उभ्या असलेल्या वडिलांकडे, गेणभाऊंकडे दिला.

“पावणं, तुमी मुद्दाम फोन केला, लई झालं. आमाला तरी कोण सांगणार व्हतं? येकदा या हिकडं. बसून बोलू.”

“येतो, भाऊ. नक्की येतो,” अमृत म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने ग्रुपवर कबुलीजबाब लिहिला: आपण शिक्षक नाही, आपला आकडा निराधार होता, कृपया अधिकृत यादी वाचावी. ‘कटऑफ किंग’ने उत्तर दिले, की एवढी नम्रता हल्ली पाहायला मिळत नाही, सरांनी दुसऱ्या फेरीचाही अंदाज द्यावा. अमृतने ग्रुप सोडला.

पहिल्या फेरीत स्नेहलला ९२.४० वर कॉम्प्युटर मिळाले. दोघींचा प्रवर्ग एकच होता. म्हणजे आरतीलाही ते मिळाले असते. तिला तिचा पहिला पर्याय, इलेक्ट्रॉनिक्स, मिळाला, आणि नियमाप्रमाणे तिचा प्रवास तेथेच थांबला.

स्नेहल आता अवसरीच्या आत्याकडे राहते. आरती त्याच कॉलेजात आहे. दोघी एका बाकावर डबा खातात आणि आरती तिला सांगते, की इलेक्ट्रॉनिक्स चांगले आहे, पप्पांनी मनाला लावून घेऊ नये. हा निरोप स्नेहल दर रविवारी घरी पोहोचवते. अमृत मान डोलावतो आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा याचा विचार करतो. गेणभाऊंना शब्द दिला तेव्हा भातलावणी चालू होती. आता कापणी, झोडणी उरकून पेंढ्याच्या गंजी लागल्या आहेत. त्या बाजूला एस.टी. कमी, असे अमृत सांगतो, आणि ते खरेही आहे. पण त्याच्या अंगणात पिकअप उभी असते. तळेघरला जाणे अजून झालेले नाही.