सुईणमायची बोटे

माझे अक्षर वाकडे, शुद्धलेखन कच्चे. चौथीपुढे शाळा झाली नाही. वाचणाऱ्याने माफ करावे. पण सुईणमायच्या बोटांविषयी लिहायचे राहून जाऊ नये.

तापीकाठच्या आमच्या गावातल्या साऱ्या बायका तिच्या हाती बाळंत झाल्या. दिवस उलटून गेलेल्या बाईचा ती आधी नाकाचा शेंडा चाचपायची, मग ओठ, आणि मग हात धुऊन, तेल लावून आतून तपासायची. पिशवीचे तोंड नाकासारखे घट्ट लागले तर थांबायचे. ओठासारखे मऊ झाले, तरच कळा आणणारा काढा.

माझी काकू टोमणा मारायची, "पोऱ्या नाकमाईन येनार शे का?"

"तुन्हा पोऱ्या कथाईन उना, माले ठाऊक शे!" सुईणमाय म्हणायची. तो कुठून आला ते तिनेच तर पाहिलेले! बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. घाई करणाऱ्या सासूला ती एवढेच विचारी, "आंबा दाबीसन पिकस का, माय?"

माझ्या थोरल्या बहिणीला सासरच्यांनी कुणाला न विचारता काढा दिला होता. पिशवीचे तोंड उघडलेच नाही. कळा सोसत ती गेली.

माझे पहिले बाळंतपण माहेरी होते. माझेही दिवस उलटले. आईने काढा उकळून ठेवला. सुईणमायने माझे नाक चाचपले, मग ओठ. पुन्हा नाक. तिचा चेहरा उतरला.

"दोन्ही एकच लागी ऱ्हायनं, माय. मन्हा बोटं मुका व्हयी ग्यात. दुसरी सुईन बलाव."

"अंदाजे सांग ना!" आई रडकुंडीला आली.

"तुन्ही एक पोर गयी ना? अंदाजे नही सांगाव."

शेजारच्या गावची सुईण आली. तिने तपासून थांबायला सांगितले. काही दिवसांनी कळा आपणहून आल्या आणि माझा मुलगा सुखरूप झाला.

सुईणमायने पुन्हा कोणत्याच बाईला हात लावला नाही. पुढे चुलीवरचे भांडे उतरवताना तिची बोटे भाजली आणि तिला कळलेही नाही. महारोग होता. जिने घरोघरी पोरे झेलली, तिच्या ओंजळीत बायका लांबूनच पाणी ओतू लागल्या.

तिला रोग्यांच्या आश्रमात नेणारी गाडी आमच्या दारावरून गेली. मी मुलाला घेऊन धावले. आईने मागून माझा पदर धरला. सुईणमायने ते पाहिले आणि हात लुगड्यात लपवले.

"पुढे यू नको, माय. तठेनच दखाड."

तिला दिसावा म्हणून मी तिथूनच मुलाला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरले. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी मी त्याला खाली घेतले नाही.