सुपातल्या आकाशगंगा

आज सुपात नवी ज्वारी ओतली, तिचा कोरडा गोडसर वास उठला आणि सत्तरच्या दशकातील आमची वाशीमची ओसरी डोळ्यांपुढे आली. माझी धाकटी बहीण शांता दुसऱ्या दिवशी पुण्यास निघणार होती. तेथे विद्यापीठात ती कॉम्प्युटरवर आकाशगंगांच्या टकरीचे गणित मांडत असे. लग्न टाळून जाते, म्हणून बाबांनी तिच्याशी अबोला धरला होता.

ती टक्कर दाखवायला तिने सुपात ज्वारीचे दोन ढीग हलकेच एकमेकांतून सरकवले, तशी दाण्यांची लांब शेपटी बाहेर निघाली.

"एवढी टक्कर झाली, मंग नुकसानीचा अर्ज कोनाच्या नावानं लिवू?" मी कचेरीपुढे लोकांचे अर्ज लिहून देई; त्याच अर्जनवीसाच्या ऐटीत विचारले.

"तारे एकमेकाले लागतच नाईत, दादा. नुसते ओढीनं दूर फेकल्या जातात."

अबोला विसरून बाबांनी विचारले, "मंग वापस येतात का?"

"काही येतात, बाबा. पन लय वेळ लागते."

बाबांनी दूर गेलेले दाणे तळहाताने हळूच ढिगाकडे ओढले. त्यांना ज्वारीची काळजी वाटली, असे मी तेव्हा समजलो. लोकांचे म्हणणे कागदावर मांडण्यात माझी हयात गेली. बाबांचे म्हणणे मात्र मांडायचे राहिले. शांता परतली, तेव्हा ओसरीवर सूप तेच होते, बाबा नव्हते.