कमी ऐकू येणारी पाटी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. पावसाळ्यात दुकानात छत्र्या राहतात तसे ते मागे राहतात. गिऱ्हाईक घाईत निघून जातं आणि छत्री कोपऱ्यात टपकत उभी. काही जण परत येऊन नेतात, बाकीच्या आपल्याच होऊन बसतात. महाडच्या आमच्या दुकानात अशा पुष्कळ जमल्यात. त्यात आमचं दुकान मेलेल्या माणसांची चित्रं काढून देणारं. त्यामुळे हसू आलं तरी ते जरा दबकतच येतं.

दुकानात माणसं तीन. मालक रशीदचाचा. एसटी स्टँडपासून बाजारापर्यंतच्या निम्म्या पाट्या, ट्रकांच्या मागच्या फळ्या, शाळांच्या भिंती एकेकाळी त्यांच्या हातच्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश गेला. बाकीच्या पेंटरांनी रिक्षा घेतल्या, चाचांनी कॉम्प्युटर घेतला. दुसरी सुनीता. वरंधहून रोज एसटीने येते, गिऱ्हाइकं सांभाळते, प्रिंट काढते आणि कुणालाही काहीही सुनावते. तिसरी मी. पोलादपूरची, चित्रकला शिकायला बंगळुरूला गेलेली. आपल्या खोऱ्यातल्या मुलांनी डिजिटल चित्रं काढावीत, आपल्या गोष्टी आपल्या हाताने रंगवाव्यात, या ध्यासाने परत आलेली. चाचांनी दुकानाची मागची खोली माझ्या रविवारच्या वर्गाला दिली. इतर दिवशी मी त्यांच्या चित्रांत रंग भरते.

*

चाचांकडचा ड्रॉइंग टॅब्लेट सगळ्यात स्वस्तातला. त्याला स्क्रीन नाही. नुसती काळी पाटी. पेन पाटीवर फिरतं आणि रेघ समोरच्या मॉनिटरवर उमटते. आम्ही त्याला पाटीच म्हणतो.

कापड्याचे एक गृहस्थ वडिलांचं चित्र करून घ्यायला आले होते. चाचांच्या हाताकडे बघत, मग मॉनिटरकडे बघत, पुन्हा हाताकडे बघत बसले. शेवटी राहवलं नाही.

"हात हिकडं नि चित्र तिकडं. ह्ये तुम्हीच काढताय कशावरून?"

चाचा मान वर न करता म्हणाले, "तू कापड्यात नि तुझा पोरगा घाटकोपरला. पोरगा तुझाच ना?"

गृहस्थांनी मॉनिटरवरच्या बापाकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "गणपतीला आला तर माझा."

*

ब्रशवाल्या माणसाच्या सवयी पेनाला लागल्या की काय होतं, ते आमच्या दुकानात रोज दिसतं. चाचा चुकलेली रेघ पुसायला बोट ओलं करतात. रेघ लांबची असली की श्वास धरतात. एकदा तर गंमतच झाली. डोळे मॉनिटरवर, शेजारी चहाचा ग्लास. चाचांनी नवीन रेघ घ्यायच्या आधी पेन उचललं आणि सरळ चहात बुडवलं. वर ग्लासाच्या काठावर निथळवलंसुद्धा.

सुनीता म्हणाली, "चाचा, बिस्कूट हाय का ते?"

पेन वाचलं. चाचांनी ते पुसलं आणि तोच चहा पिऊन टाकला.

"ब्रश बुडवलेल्या चहापेक्षा बरा हाय," म्हणाले. मग ग्लास खाली ठेवून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "ब्रश गेला ते ह्याला अजून कुणी सांगितलंच नाय."

*

सावित्रीला मोठा पूर येऊन गेला की पुढची काही वर्षं आमच्याकडे भिजलेले फोटो येत राहतात. कुणाचा चेहरा काचेला चिकटून राहिलेला, कुणाचा नुसता सदरा उरलेला.

पोलादपूरकडचे दोन भाऊ असाच एक फोटो घेऊन आले. वडिलांची टोपी होती, एक कान होता. मधे पांढरा डाग. भावांनी सांगायचं आणि चाचांनी काढायचं असं ठरलं.

थोरला म्हणाला, मिशी झुपकेदार. धाकटा म्हणाला, बारीक. थोरला म्हणाला, बाबा रागीट दिसायचे. धाकटा म्हणाला, तुला दिसायचे, मला कधी नाय दिसले. आवाज चढायला लागला. तू मुंबईला होतास, शेवटची वर्षं मी काढली, वगैरे वगैरे. सुनीताने दोघांना पाणी दिलं.

चाचांनी दोन चित्रं काढली. एक झुपकेदार मिशीचं, रागीट. एक बारीक मिशीचं, हसऱ्या डोळ्यांचं.

दोघं भाऊ आपापला बाप घेऊन गेले.

*

माझ्या वर्गातल्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा ठरलेला प्रश्न: "ताई, टॅब्लेट स्वस्तातला घेऊ की महागातला?"

यावर माझं भाषण तयार असायचं. शहरातल्या मुलांना जे मिळतं ते आपल्या मुलांना का नको? उत्तम साधन हा चैनीचा भाग नाही, तो हक्क आहे. स्क्रीनवरच काढता आलं पाहिजे, पेनाचा हलकासा दाबही उमटला पाहिजे. रेघेत माणसाचा हात दिसला पाहिजे!

सुनीता ऐकायची आणि म्हणायची, "ताई, महागातला घेतला की फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतील. स्वस्तातला निदान वापरतील तरी."

एका रविवारी वर्ग सुटल्यावर मी माझा बंगळुरूहून आणलेला टॅब्लेट चाचांसमोर ठेवला. स्क्रीनवाला, माझा जीव की प्राण. "चाचा, एकदा काढून बघा. फरक कळेल."

चाचांनी पेन टेकवलं. नाकाची एक रेघ काढली. ती पाण्यावरच्या सावलीसारखी हलत खाली आली. दुसरी काढली, तीही तशीच. त्यांनी पेन हळूच आडवं ठेवलं.

"म्याडम, ही चुगलखोर हाय."

"म्हणजे?"

"मनात असंल ते सगळं सांगते. माझीच बरी. तिला कमी ऐकू येतं."

मला हे इतकं आवडलं की मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटले. मैत्रिणींना बंगळुरूला फोन करून सांगितलं. सगळ्या हसल्या.

मग एका दुपारी चाचांच्या कॉम्प्युटरवर रंग भरताना मला रेघ गुळगुळीत करणारी सेटिंग शेवटच्या टोकाला नेलेली दिसली. मी ती खाली आणायला गेले, तर सुनीताने माझा हात धरला.

"ताई, ते खाली नका करू."

बाहेर नेऊन तिने सांगितलं. डॉक्टरांनी चाचांना कंपवात सांगितलाय. स्वस्त पाटीला हलका हात कळतच नाही, दाबून काढावं लागतं. दाबलं की चाचांचा हात जरा थांबतो. उरलेली थरथर ही सेटिंग झाकते. मुलगा कुवेतला. आई गेल्यापासून तो बापाला घरी बसा म्हणतोय. "इम्तियाजभाईला कळलं तर दुकान बंद करायला लावंल. मंग चाचा घरात बसून काय करतील? भितीकडं बघतील."

म्हणजे भिंतीकडे. ज्या भिंती त्यांनी आयुष्यभर रंगवल्या.

*

इम्तियाजचा व्हिडिओ कॉल दुपारी येतो, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. चाचा फोन कधी हातात धरत नाहीत. चहाच्या ग्लासाला टेकवून ठेवतात आणि दोन्ही हात टेबलाखाली. हे मी आधीही बघितलं होतं, पण तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची ऐट वाटायची.

त्या दिवशी फोन घसरला आणि इम्तियाजला नुसता पंखा दिसायला लागला.

"अब्बा, फोन हातात धरा ना. तोंड दिसत नाय तुमचं."

चाचांनी पटकन सांगितलं, "हाताला रंग लागलाय रे."

आमच्या दुकानात रंगाचा डबा येऊन कित्येक वर्षं झाली. सुनीताने प्रिंटरमध्ये कागद घालता घालता हात थांबवला. मी मॉनिटरकडे बघत राहिले. पलीकडे इम्तियाज पंख्याकडे बघत असावा.

मग म्हणाला, "बरं. धुऊन घ्या."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने मला मेसेज केला. अब्बांसाठी टॅब्लेट पाठवायचाय, कुठला घेऊ? मी लिहिलं, त्यांना आहे तोच आवडतो. त्याने लिहिलं, त्यांना सगळं जुनंच आवडतं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही चांगला सांगा. मी लिहिलं, चांगला म्हणजे महागच असं नसतं. मी हे लिहीन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. त्यावर त्याचं उत्तर आलं नाही.

महिन्याभराने शेजारच्या आळीतला एक जण कुवेतहून सुट्टीवर आला आणि त्याच्याबरोबर खोका आला. स्क्रीनवाला, माझ्यापेक्षाही भारी. चाचांनी खोक्यावरून हात फिरवला, दुकानात आलेल्या प्रत्येकाला दाखवला, "लेकाने पाठवलाय," आणि कपाटावर ठेवून दिला.

इम्तियाज विचारायचा, उघडला का? चाचा म्हणायचे, चांगल्या चीजेला चांगलं काम पायजे. येऊ दे काम.

कामं येत राहिली. खोका उघडला नाही. त्यावर धूळ बसायची आणि चाचा रोज ती पुसायचे.

एक दिवस सुनीता चिडली. "चाचा, आता कोण मरायला पायजे म्हंजे खोका उघडाल?"

चाचा हसले. "माझ्यासाठी उघड. तेव्हा तूच काढ माझं, गो. तुझा हात सरळ हाय."

सुनीताने त्या दिवशी पुढे कुणालाच काही सुनावलं नाही. एसटीही तिने लवकरची पकडली.

*

आणि मग इम्तियाज आला. न सांगता. विमानतळावरून रात्रभर प्रवास करून सकाळी घरी, दुपारी दुकानात. सगळ्यांना खजूर वाटले, कपाटावरचा खोका काढला, स्वतःच उघडला. जुनी पाटी सोडवून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी नवीन टॅब्लेट जोडून दिला. चाचा बघत उभे होते.

तेवढ्यात दारात एक आजी आल्या. वरंधच्या वर घाटाच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या. सुनीताच्या ओळखीच्या. म्हातारा गेला होता. त्याच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो त्यांनी पदराच्या गाठीतून काढला.

"येवढंच हाय बाबा. मोठा करून दे."

इम्तियाजने बापाला खुर्ची ओढून दिली. "बसा अब्बा. लेकाच्या टॅब्लेटवर पहिलं चित्र." आणि मोबाइल काढून तो शूटिंग करायला मागे उभा राहिला.

चाचा बसले. सुनीताचा हात माउसकडे गेला, नवीन जोडणीत खाली आलेली ती सेटिंग वर करायला. चाचांनी तिच्याकडे न बघताच सांगितलं, "राहू दे, गो."

त्यांनी कपाळाची रेघ काढली. ती हलली. भुवई हलली. नाक, गाल, टोपीची कड, सगळं हलत हलत उतरलं. चाचांनी एकही रेघ पुसली नाही. घाईही केली नाही. मागे इम्तियाजच्या हातातला मोबाइल हळूहळू खाली आला. तो आता स्क्रीनकडे बघत नव्हता, बापाच्या हाताकडे बघत होता.

मान झाली, खांदे झाले. चाचांनी पेन उचललं आणि आजींना बोलावलं.

आजी उठल्या, स्क्रीनजवळ गेल्या. नाक जवळजवळ काचेला लागेल इतक्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्योच," म्हणाल्या.

मग पुन्हा निरखून बघितलं. त्या थरथरलेल्या कपाळावरून, गालावरून त्यांनी बोट फिरवलं.

"पण ह्याला थंडी भरलीय का रे?"

सुनीताने मान फिरवली. चाचांनी आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग आजींकडे.

"हां आजी. भरलीय."

"मंग असा उघडा का ठेवलास त्येला? घोंगडी घाल की."

चाचांनी काळा रंग घेतला आणि खांद्यापासून घोंगडी काढायला सुरुवात केली. रेघा हलत होत्या, एकीत एक गुंतत होत्या, कडेला लोकरीसारख्या सुटत होत्या. इम्तियाज स्टूल ओढून बापाला लागून बसला. किती तरी वेळ नुसता बघत होता.

मग हळूच म्हणाला, "अब्बा, जरा जाड घाला. घाटात थंडी लय असते."