कपाळावरची आठी

माझ्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी होती. चांगली ठसठशीत, टिकली तिला चुकवून लावावी लागायची. माहेरी दिघाशीला गेले की आई दारातच विचारायची, "कोनाशी भांडून आलीस गो?" मी भांडून आलेली नसायचे. म्हणजे कधीकधी असायचे, पण ती आठी भांडणाची नव्हती. ती कारखान्याची होती.

कारखाना म्हणजे नारपोलीच्या एका गल्लीत, पत्र्याखाली चालणारे आमचे मोजके लूम, कापड विणायचे यंत्रमाग. लग्न होऊन आले तेव्हा नवरा लूमवर उभा असायचा आणि मी शेजारी कांडी भरायला बसायचे, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या मशीनवर गुंडाळायला. लूम चालू असले की तिथे माणसाचा आवाज पोचत नाही. कानाला तोंड लावून ओरडलं तरी नाही. हात सुतात गुंतलेले, त्यामुळे हातवारेही जमत नाहीत. मग उरतो चेहरा. दोन्ही भुवया वर गेल्या की ‘काय झालं?’ एकच वर गेली की ‘हे कोणी करून ठेवलं?’ आणि दोन्ही आवळून मध्ये आठी घातली की ‘थांब, हात काढ.’ नवीन कारागीर आला की आधी त्याला ही शेवटची खूण शिकवतात, लूम नंतर.

त्या आवाजात नवऱ्याचे कान गेले. एकदम नाही, वर्षानुवर्षं, थोडे थोडे. कानाचं मशीन आणलं, ते कपाटात डबीत पडून आहे, कारण ते लावलं की म्हणे लूम डोक्यात शिरतात. त्यामुळे आम्ही घरीसुद्धा चेहऱ्यानंच बोलत आलो. मी तोंडानं बोलते, पण ते माझ्या समाधानासाठी. तो ओठ थोडेफार वाचतो. खरं वाचतो ते कपाळ. दूध नासलं, पोरगी उशिरा येणार, तुमच्या बहिणीचं वागणं मला पटलं नाही, सगळं त्याला तिथून कळायचं. माझी भीती, माझा राग, माझी माया, त्याच्यापर्यंत जायला तेवढा एकच रस्ता होता.

धंदा मंदावला, लूम निम्मे बंद पडले, तेव्हा मी काल्हेरला एका स्किन क्लिनिकच्या काउंटरवर नोकरी धरली. तिकडे गोडाऊनच्या रांगांमागे नव्या बिल्डिंगा उठल्यात, त्यातल्याच एका बिल्डिंगच्या खाली ते क्लिनिक. डॉक्टर मॅडम माझ्याहून पुष्कळ लहान आणि स्वभावानं चांगल्या. केबिनचं दार अर्धं उघडं असायचं, त्यामुळे त्यांचं बोलणं मला पाठ झालं होतं. सुरकुत्या दोन तऱ्हेच्या, त्या प्रत्येकीला सांगायच्या. पहिल्या उन्हाच्या. कातडीच्या आत तिला ताणून धरणारं जे असतं ते ऊन हळूहळू खराब करतं, आणि सिगारेटचा धूर त्याला मदत करतो. दुसऱ्या हालचालीच्या. कागद रोज एकाच जागी दुमडला की तिथे घडी बसते, तसं. पहिल्यांसाठी रोज सकाळी सनस्क्रीन लावा, आभाळ आलेलं असलं तरी लावा, स्कार्फ बांधा, भर दुपारचं ऊन टाळा. दुसऱ्यांसाठी मात्र आतला स्नायूच गप्प बसवावा लागतो.

हे ऐकून मी आईकडे नव्यानं बघितलं. भाताच्या लावणीत आणि कापणीत तिचा जन्म गेला. चेहऱ्यावर एक जागा सुरकुतीवाचून नाही, पण पदराखाली झाकलेला दंड अजून गुळगुळीत आहे. दोन्ही कातड्यांचं वय एकच. तेव्हापासून मी सनस्क्रीन लावू लागले आणि आईलाही लावायला लागले. ती म्हणते, आता काय भिताडाला चुना लावतेस.

उन्हाचं मी बघून घेतलं, पण आठी राहिली. आणि ती काउंटरवर नडायला लागली. "बाहेरच्या काकू रागावल्यात का?" असं दोघी-तिघींनी विचारलं. एकीनं म्हणे फोनवर तक्रारच केली. मॅडम मला केबिनमध्ये घेऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही रागावत नाही हे मला माहितीये. पण येणाऱ्याला कसं कळणार? एक इंजेक्शन देते. तीन-चार महिने कपाळ शांत राहील, मग आपोआप उतरेल." त्यांनी सगळं विचारलं. कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, नसांचा काही आजार आहे का. नवऱ्याला ऐकू येतं का, हे कोणता डॉक्टर विचारेल? माझ्याही डोक्यात आलं नाही. मला ते इंजेक्शन हवं होतं, उगाच कशाला लपवू. आयुष्यभर चिडकी दिसून कंटाळा आला होता.

घरी सांगितलं नाही. त्याला एखादी गोष्ट सांगितली की तो ती मोठ्यानं पुन्हा म्हणून बघतो, आणि त्याचं मोठ्यानं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं. माझ्या कपाळाची चर्चा नारपोलीच्या प्रत्येक ओट्यावर झाली असती.

काही दिवसांत कपाळ सपाट झालं. भुवया वर उचलायला गेले तर जागच्या जागी. आरशासमोर रागावून पाहिलं, राग आतच राहिला. आणि खरं सांगते, मला मी आवडले. क्लिनिकमध्ये बायका माझ्याशी हसून बोलायला लागल्या.

घरात मात्र गाडी रुळावरून घसरू लागली. त्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला, मी जळजळीत बघितलं, तो प्रसन्न हसला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच टाकला. यावर मलाही हसू आलं. मग पुण्याला शिकायला असलेल्या पोरीचा फोन आला, ताप उतरत नाही म्हणून. मी त्याच्यासमोर उभी राहून सांगितलं. त्याला ‘पोरगी’ कळलं, ‘ताप’ कळला नाही. माझ्या कपाळावर काळजी नाही म्हणजे काळजीचं काही नाही, असं धरून तो मान डोलावून टीव्ही बघत बसला. खरं काय ते त्याला पोरीच्याच मेसेजवरून कळलं, आणि तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला नजरेला नजर देता येईना. त्यानंतर तो माझ्याशी कमी बोलू लागला. जेवताना ताटाकडे बघायचा. पूर्वी माझ्याकडे बघून जेवायचा, बहुतेक मिठाचं कळावं म्हणून, पण बघायचा.

एकदा मी कारखान्यात गेले तर आमचा जुना कारागीर बाजूला येऊन म्हणाला, "भाभी, सेठ पूछ रहे थे घर में कुछ हुआ क्या. बोलते हैं, भाभी अब डाँटती नहीं."

त्याच दिवशी नवऱ्याला सांगायला हवं होतं. सांगते, सांगते म्हणत राहिले.

त्या दुपारी मी सुट्टीवर होते. लाईट गेलेली. मी डबा घेऊन कारखान्यात गेले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. लूम बंद असले की आमची गल्ली ओळखू येत नाही, इतकी शांत होते. कारागीर चहाला गेले होते. नवरा एकटाच आत, एका लूमवर वाकून, अडकलेला धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी, आणि त्याच्याभोवती गुरफटलेलं सूत सोडवत होता. त्याचा उजवा हात फणीच्या लाकडी चौकटीपुढे पार आत. लूम चालू झाला की ही चौकट दणक्यानं पुढे येते. आणि मेन स्विच चालूच होता. भिंतीवर मला तो दिसत होता, खटका वर.

तेवढ्यात समोरच्या बाजूचे लूम खडखडायला लागले. आमच्या गल्लीत लाईट एका दमात येत नाही, आधी समोर येते, मग आमच्याकडे. मधे किती वेळ जाईल ते कधीच सांगता येत नाही.

मी ओरडले. "अहो! हात काढा!" कोणाला ओरडत होते मी? पण दारातल्या उजेडात माझी सावली हलली असावी, कारण त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

मी आठी घातली. सगळा जीव कपाळात आणून घातली. लग्नापासून या एका खुणेवर त्याचा हात इजा न होता बाहेर आला होता. कपाळ हललं नाही. त्याला काय दिसलं असेल? बायको दारात उभी आहे, डबा घेऊन, तोंड उघडून, जेवायला बोलावतेय. तो हसला. डाव्या हाताचं बोट वर करून ‘एक मिनिट’ म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला.

स्विचपर्यंत पोचायला वेळ नव्हता. मी डबा फेकून मारला. तो त्याच्या पाठीत बसला, वरणभात उडाला, तो दचकून मागे झाला आणि लाईट आली. हात जवळजवळ बाहेर आला होता. मधल्या बोटाचं टोक तेवढं चौकटीत सापडलं.

बोट राहिलं, नख गेलं, टाके पडले. दवाखान्यातून परत येताना रिक्षात तो पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. मी रडत होते. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि वर कपाळ स्वच्छ, सपाट, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं. तो त्याच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे रिक्षावाल्यानं मागे वळून बघावं अशा आवाजात म्हणाला, "तुला कायच वाटला न्हाय गो? मी मेलो असतो तरी तू अशीच उबी रायली असतीस."

आयुष्यात मला कुणी इतकं लागेल असं बोललं नाही. मी त्याचा चांगला हात धरला, तो त्यानं हळूच सोडवून घेतला.

घरी आल्यावर मी त्याला खाटेवर बसवलं, खिडकी उघडली आणि उजेडात त्याच्यासमोर बसले. कपाळावर बोट ठेवलं, मग सुई टोचल्यासारखं केलं.

"डोका दुखताय?"

मी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा टोचून दाखवलं. आरशाकडे बोट केलं. भुवया बोटांनी वर ढकलल्या, सोडल्या, त्या जागेवर जाऊन बसल्या. एकेक शब्द सुटा करून सांगितलं: क्लिनिक. इंजेक्शन. आठी घालवायला. मला वाटलं आता ओरडेल आणि गल्ली गोळा होईल. त्याचं काही चुकलं नसतं.

तो ओरडला नाही. पुढे सरकला. डाव्या हाताचा अंगठा माझ्या दोन भुवयांच्या मधोमध ठेवला आणि चाचपून बघितलं, कापडात सुटलेला धागा शोधतात तसं.

"हितं व्हती," तो म्हणाला. आवाज चक्क हळू होता.

मग त्यानं अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत माझी कातडी धरली, दोन्हीकडून दाबून मध्ये घडी केली, जिथे होती तिथेच, उभी. घडी तशीच धरून ठेवून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"हां," तो म्हणाला. "आता बोल."

मग मी बोलले. आधी मेन स्विच बंद का केला नव्हता ते विचारलं.