हमालाचा नमस्कार

माझा खांदा आखडला होता, म्हणून मी अंबरनाथ पश्चिमेला फिजिओथेरपीला जात होते. शेजारच्या खाटेवर साठीचा एक माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तो हमाली करायचा आणि लकव्यानं त्याचा उजवा हात गेला होता. तरी आल्याबरोबर आपल्या वस्तीतल्या, बुवापाड्यातल्या गमती सांगून सगळ्यांना हसवायचा.

व्यायामाआधी तो डाव्या हातानं उजवा हात उचलून छातीशी आणायचा आणि डोळे मिटून पुटपुटायचा. सोडला की तो हात धपकन मांडीवर पडायचा.

एकदा मी विचारलं, "देवाकडे काय मागता?"

"पयले लय भांडलो त्याच्याशी, ताई. मग वाटलं, कपाट उचलताना आपण बाजूवाल्याला बोलतोच ना, जरा हात लाव म्हणून? त्यात कधी लाज वाटली नाय. मग देवाला बोलायला कसली लाज? त्याला बोलतो, माझ्या एकट्यानं होत नाय, तू पण हात लाव."

"आणि त्यानं नाही लावला तर?"

"लावतोय ना. मागच्या महिन्यात बोट पण हलत नव्हतं."

दिवाळीच्या आधी एका सकाळी उजवा हात आपला आपण उचलला गेला. थरथरत, वाकडातिकडा, जेमतेम पोटापर्यंत. डावा हात खाली नेऊन त्यानं तिथंच नमस्कार केला.

व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काका, अजून थोडा वर."

"असू दे, पोरी," तो हसत म्हणाला. "आज तेवढा देव खाली वाकेल."