गाव बांधायचा दिवस

माझा स्वभाव मुळातच तापट. त्यात नोकरी डोंगरावरच्या कोलाम पोडात आणि राहणं खाली, वडिलांच्या गावात. म्हणजे दिवसभर तिकडच्यांवर चिडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन इकडच्यांवर. मारेगावच्या बाजाराला जाणाऱ्या लोकांना मी स्कूटीवर एकटीच बडबडताना दिसते, ती काही उगाच नाही.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मधोमध चावडी, भोवती कुडाची घरं, मागे सागाचं जंगल आणि एका कडेला माझी एका खोलीची शाळा. पोडाच्या अलीकडे एक नाला आडवा येतो. उन्हाळ्यात त्याच्या वाळूत बकऱ्या झोपतात. पावसाळ्यात मी स्कूटी पळसाखाली लावते, चपला हातात घेते आणि पाणी ओलांडून जाते. पाणी चढलेलं असेल तर जात नाही. पोरं पलीकडच्या काठावरून हात हलवतात, मी अलीकडून हलवते, झाली त्या दिवसाची शाळा.

शाळेला लागूनच अंगणवाडी आहे. तिथली मदतनीस ही पोडाच्या नाईकाची, म्हणजे प्रमुखाची, सून, माझ्यापेक्षा बरीच लहान. एकदा खिचडीचे तांदूळ निवडताना, मान वर न करता तिने मला तिच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. कळा सुरू झाल्या तशी माणसांनी तिला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणली आणि सगळे पाणी उतरायची वाट पाहत बसले. पाणी संध्याकाळी उतरलं. लेकरू त्याआधीच काठावर जन्मलं आणि रडलंच नाही. एवढं सांगून तिने सूप झटकलं आणि चूल पेटवायला गेली. मला मात्र त्या दिवशी पोरांना पाढे शिकवता येईनात.

नाल्यावर पूल आणि पोडापर्यंत रस्ता, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं. घरी जेवताना विषय काढला की वडिलांच्या कपाळाला आठी पडायची.

"मूठभर घरं हायेत तिथं," ते म्हणायचे. "त्यायच्यासाठी सरकारनं डोंगरात डांबर कायले ओतावं? तेवढ्यात इकडं साऱ्या गावाचं भलं होते. अन् देऊन तरी काय? घरकुलं देल्ली, तर त्यात बकऱ्या बांधून राह्यले ते."

"ज्या साहेबानं त्या पत्र्याच्या घरकुलाचा नकाशा काढला ना, त्यानं मे महिन्यात एक दुपार त्यात झोपून दाखवावं. बकऱ्या तरी कशा राहतात देव जाणे. आणि बाबा, आपल्या विहिरीवरची मोटर कोणाच्या पैशाची आहे?"

"ते अलग हाये."

"काहून अलग?"

"आपण कापूस पिकवतो," वडील म्हणायचे, आणि आई ताटात न मागता भाजी वाढायची. विषय तिथे मिटायचा, पण माझ्या डोक्यातली तिडीक काही जायची नाही.

खरं सांगायचं तर वडिलांशी जितक्या ठामपणे भांडायची, तितकी मी मनातून ठाम नव्हते. पोडात आलेला सरकारी पैसा मी रोज डोळ्यांनी पाहत होते. सौरदिव्याचा खांब होता, त्याला दिवा नव्हता, बाया त्याला दोरी बांधून लुगडी वाळत घालायच्या. पाण्याची टाकी होती, तिच्यात कधी पाणी चढलं नाही. कोणीतरी यायचं, फोटो काढायचं, निघून जायचं आणि वस्तू तेवढी मागे उरायची. अशाने काय साधतं, असं मला अलीकडच्या काठावर वाटायचं. पलीकडे गेले आणि मदतनीस समोर दिसली की वाटायचं, पाहिजेच, आजच पाहिजे. त्या काळात मला धड झोप नव्हती. भाकरी थापता थापता मी उठून अंगणात चकरा मारायची आणि आई तवा उतरवून ठेवायची.

नाईकालाही रस्ता नको होता. "रस्ता आला का ट्रक येते," तो म्हणाला. "अन् ट्रक आला का सागवान जाते." पोडाला स्वतःची ग्रामसभा आहे, तिच्या होकाराशिवाय तिथे कोणी काम धरू शकत नाही. आणि कोलामांच्या चावडीत हात वर करून मोजायची पद्धत नाही. एक जरी माणूस नाही म्हणत असला तरी बैठक उठते आणि पुन्हा दुसऱ्या संध्याकाळी बसते. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. मी अगदी टेकीला आले. शेवटी बाया जिथे बाहेर बसतात तिथून मदतनीस उठली आणि सासऱ्याला म्हणाली, "सागवान गेलं तर पुन्हा लावता येते." नाईकाने मान डोलावली.

मग मी तालुक्याच्या ऑफिसात खेटे घातले. तिथला इंजिनियर तरुण होता, माणूस वाईट नव्हता. मी त्याला म्हटलं, उन्हाळ्यात नाला पाहू नका, पावसाळ्यात या, पाणी बघा आणि मग पुलाचा नकाशा काढा. तो तयार झाला. पैसा मंजूर होता, फक्त जागा पाहून मोजणी व्हायची होती. ठरल्या सकाळी पाणी घोट्याइतकंच होतं. मी त्याला घेऊन नाला ओलांडला, आणि पोडाच्या तोंडाशी येऊन थबकले. वाटेवर आडवी दोरी होती, तिला पळसाची पानं आणि कडुनिंबाच्या डहाळ्या लावलेल्या.

गाव बांधलं होतं. पेरण्या आटोपल्या की आखाडीच्या सुमारास नाईक वस्तीच्या चारी सीमांवर लाकडी खुंट्या ठोकतो, वाटांना दोऱ्या लावतो, म्हणजे रोगराई आणि वाईट वारं आत शिरत नाही. त्या दिवशी दोरी सुटेपर्यंत आतलं माणूस बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. दिवस आदल्या संध्याकाळी चावडीत ठरतो. मी त्याआधीच घरी निघालेली, आणि पोडात मोबाइलला रेंज नाही. मला कोण कळवणार?

नाईक दोरीच्या आतल्या बाजूला उभा राहिला. मागे, घरांजवळ, मदतनीस उभी होती.

"नाईक, साहेब आलेत," मी म्हटलं. "रस्ता मोजायचा आहे. थोडाच वेळ लागेल."

"आज नाही बाई. उद्या या."

"उद्या माझं दुसरं गाव आहे," इंजिनियर म्हणाला. "पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही."

"उद्या या," नाईक पुन्हा म्हणाला, आणि त्याने साहेबाला हात जोडले.

मी संतापले. हट्टी आहात, आडमुठे आहात, असं काय काय बोलले. मदतनीस सासऱ्याच्या पाठीकडे बघत होती. तिने एक पाऊलही पुढे टाकलं नाही. इंजिनियरने पँट पुन्हा वर दुमडली. परत जाताना, पाण्यात असतानाच, तो मला समजावत होता की लोकांचा विरोध असला तर त्यालाही काही करता येत नाही. विरोध नाही हो, आजचा दिवस तसा आहे, असं मी काठापर्यंत सांगत राहिले. तो पुन्हा आला नाही.

मार्च संपायच्या आत पैसा कुठेतरी खर्च करायचा होता. तो खाली आला, आमच्या गावात. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, थेट वेशीपर्यंत, आणि तो सुरू होतो नेमका आमच्या ओट्यापासून. वडील सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायचे. "पाहा कसा गुळगुळीत झाला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मागच्या दाराने ये-जा करायची आणि चिखल तुडवत घरात शिरायची. आई म्हणाली, "बापावरचा राग फरशीवर कायले काढतं?"

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मदतनिसेला पुन्हा दिवस भरत आले होते. नाल्याला पाणी यायच्या आत मी तिला खाली आमच्या घरी आणून ठेवली. वडील धुसफुसले. मागची खोली कापसासाठी लागते म्हणाले, जूनमध्ये कापूस नसतो हे माहीत असूनही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते आईला विचारत होते, "तिनं जेवण केलं का? ते लाजून राह्यते, तू वाढत जाय."

आणि मग आमच्या गावाचा बांधायचा दिवस आला. खालची गावंही कोलामांनाच बोलावतात. इथली जमीन त्यांना आधीपासून ओळखते, त्यांचं ऐकते, असं सगळे मानतात. वर्षभर माझे वडील नाईकाला अरे-तुरे करतात. त्या एका दिवशी मात्र "या नाईक, बसा नाईक, चहा घ्या." नाला ओलांडून कंबरेपर्यंत भिजलेला नाईक आला, सुनेची दारातूनच विचारपूस केली आणि कामाला लागला. वेशीजवळची त्याची खुंटीची जागा नव्या सिमेंटखाली गेली होती. त्याने तिथे पायाने चाचपून पाहिलं. "इकडं ठोका नाईक, बाजूनं," वडील म्हणाले, आणि त्याने नालीच्या कडेला चिखलात खुंटी ठोकली. वाटांना दोऱ्या लागल्या. गाव बांधलं गेलं.

दुपार कलायच्या आत तिला कळा सुरू झाल्या.

मी जीप बोलावली. जीप दोरीपलीकडे येऊन उभी राहिली. वेशीत माणसं गोळा झाली, सगळ्यांत पुढे माझे वडील.

"सांजपर्यंत थांबा," ते म्हणाले. "दोरी सुटली का मीच घेऊन जातो. आता मधातच कोणी गेलं तर साऱ्या गावावर येईन. पिकं उभी हायेत, लेकरंबाळं हायेत."

सगळं सरकारी नवं आपल्या दारी मागणारा हा माणूस पळसाच्या चार पानांना भिऊन उभा होता. मी ओरडले. रडलेही. मदतनीस आईच्या खांद्यावर भार टाकून उभी होती, डोळे मिटून. ती पुन्हा एका काठावर होती आणि पुन्हा सगळे संध्याकाळ व्हायची वाट बघा म्हणत होते.

नाईक दुसऱ्या टोकाकडून पूजा अर्धी टाकून धावत आला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. दोरीपाशी गेला, काहीतरी पुटपुटला आणि दोन्ही हातांनी दोरी वर उचलून धरली. "जाय," तो सुनेला म्हणाला.

"नाईक!" वडील म्हणाले.

"बांधलं म्या. काही झालं तं माह्यावर येईन."

आम्ही खालून वाकून गेलो. वळून पाहिलं तेव्हा दोरी पुन्हा खाली आली होती आणि नाईक ती घट्ट करत होता.

मुलगी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात, आणि जन्मल्याबरोबर असं रडली की नर्ससुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी नाईक नात पाहायला आला. दवाखान्याच्या पायरीवर तो माझ्याशेजारी बसला तेव्हा वर्षभर जे आत खदखदत होतं ते मी विचारलंच.

"काल दोरी उचलली. मग त्या दिवशी साहेबासाठी का नाही उचलली? रस्ता झाला असता, नाईक."

तो माझ्यावर रागावला नाही. "साहेबाले उद्या येता आलं असतं बाई," तो म्हणाला. "इले उद्या नोहता."

वडिलांना उत्तर द्यायला माझ्याकडे शंभर गोष्टी आहेत, नाईकाला द्यायला एकही नाही. सरकारने रस्ता द्यावा की देऊ नये, यावर वाद घालणाऱ्या आम्हा सगळ्यांना, मला धरून, जीव मुठीत धरून एक दिवसही काठावर थांबावं लागलं नव्हतं, एवढंच मला कळतं. ते कळूनही नाल्यावर पूल होत नाही. मी अजून ऑफिसात जाते. आता तिथे दुसरा साहेब आहे.

बाळ महिन्याचं झालं आणि नाल्याचं पाणी उतरलं तशी ती वर जायला निघाली. आईने ओटी भरली. वडील ओट्यावर बसले होते, त्यांनी लेकराच्या मुठीत नोट कोंबली आणि उगाच खाकरले. मी तिची पिशवी घेतली. आम्ही गल्लीतून वेशीपर्यंत आलो, जिथे सिमेंट संपतं आणि पोडाकडची चिखलाची वाट सुरू होते. तिथे तिने चपला काढून हातात घेतल्या, मागे वळून आमच्या ओट्यापर्यंतचा सगळा रस्ता एकदा नीट पाहिला.

"बाई," ती म्हणाली, "आमचा रस्ता चांगला झाला हो."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. गल्ली लहान, वडिलांपर्यंत ते ऐकू गेलं असावं, कारण ते उठून आत गेले. तिने लेकरू छातीशी नीट धरलं आणि चिखलात पाय घातला.